एक मिनिट थांबा!

मावशीच्या गप्पा

बालदोस्तांनो, थंडी काय म्हणतेय? पहाटे गोधडीतून पाय बाहेर काढवत नाही ना? मग आज जरा आणखी थंड ठिकाणी जाऊ या. इतक्या थंड, की तिथे अख्खा तलावच गोठतो!

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेते न घेते तोच फोन वाजला. फोन अमेरिकेतल्या मिनेसोटाहून होता. पलीकडे माझ्या भाचीचा मुलगा. वय वर्षं अकरा, इयत्ता सहावी, आणि आवाज असा की आमच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जावा.

"मावशीआजी, तू आईला सांग ना! आमच्या घरामागचा तलाव पूर्ण गोठलाय. पलीकडच्या बाजूला दोन काका बर्फावर बसून मासे पकडताहेत. माझी हॉकीची चकती घरंगळत आत गेलीये. अगदी जवळ दिसतेय गं, वीस पावलांवर. आणि आई मला एक पाऊलसुद्धा टाकू देत नाही!"

"मग आईचं काय म्हणणं आहे?"

"ती म्हणते, आधी एक मिनिट थांब आणि विचार कर. काय विचार करायचा? चकती दिसतेय, बर्फ दिसतोय. जायचं आणि आणायची!"

आता खरं सांगू का? मला वाटलं, पोरगा बरोबरच बोलतोय. आमचं सगळं आयुष्य गेलं सोलापुरात. गोठलेला तलाव आम्ही पाहिलाय तो चित्रात. मिनेसोटात मात्र त्यांची रेलचेल. 'दहा हजार तलाव' असं तिथल्या मोटारींच्या पाट्यांवरच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठे तलाव मोजले तर ते ११,८४२ भरतात! हिवाळ्यात त्यांच्यावर माणसं चालतात, खेळतात, बर्फाला भोकं पाडून मासे धरतात. मग याच्याच आईला एवढी काळजी का?

मी भाचीला फोन द्यायला सांगितला. ती म्हणाली, "मावशी, तू दुधावरची साय पाहिलीयेस ना? अगदी तसं आहे हे."

आणि मग तिने जे सांगितलं, ते ऐकून माझी बाजू बदलली. तेच आज तुम्हाला सांगते.

झाकण आणि साय

तुमच्यापैकी जे दहावीत आहेत, त्यांनी 'पाण्याचे असंगत आचरण' हा भाग वाचला असेल. नाव भलतंच अवघड, पण गंमत सोपी आहे. बहुतेक पदार्थ थंड होतात तसे आक्रसतात आणि जड होतात. पाणीही ४ अंश सेल्सिअसपर्यंत असंच वागतं. त्याखाली गेलं की मात्र त्याचं डोकं फिरतं! ते प्रसरण पावू लागतं, हलकं होतं आणि वरच राहतं. शून्य अंशाला वरच्या वरच त्याचा बर्फ होतो. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून तो तरंगतो. खाली मात्र पाणी तसंच वाहतं असतं, आणि मासे त्यात मजेत पोहत असतात.

म्हणजे गोठलेला तलाव हा बर्फाचा ठोकळा नसतो. ते पाण्यावरचं झाकण असतं. आणि झाकण सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं, हाच तर सगळा घोटाळा!

आता साय आठवा. दूध शांत असेल तिथे साय छान जाड धरते. पण जिथे खालून बुडबुडे येतात, तिथे ती फाटते. तलावाचंही तसंच. जिथे ओढा आत येतो किंवा बाहेर पडतो, जिथे तळाशी झरा आहे, पुलाच्या खाली, धक्क्याच्या खांबांपाशी, लव्हाळ्यांत किंवा मोठ्या दगडांच्या कडेला बर्फ पातळ असतो. दहा पावलं भक्कम बर्फ, आणि अकरावं पाऊल पापुद्र्यावर! वरून बघताना दोन्ही सारखेच दिसतात.

त्यावर भुसभुशीत हिम पडलं की आणखी पंचाईत. आपल्याला वाटतं, एवढं हिम पडलंय म्हणजे खालचा बर्फ जाड झाला असणार. होतं उलटंच! हिम म्हणजे तलावावर घातलेली गोधडी. बाहेरची कडाक्याची थंडी ते आत पोचू देत नाही, आणि खालचा बर्फ वाढायचा थांबतो. शिवाय खालची भेग झाकली जाते, ती वेगळीच.

पटत नाही? मग घरीच करून बघा. दोन पसरट डब्यांत सारखं पाणी घ्या. दोन्ही डब्यांखाली जाड फडकं घाला आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. एका डब्यावर घडी केलेला टॉवेल पांघरा, दुसरा उघडा ठेवा. दर अर्ध्या तासाने बघा. उघड्या डब्यावर आधी साय धरेल. ती पुरेशी धरली की एका बोटाने दाबा, मग सावकाश पसरलेला तळहात ठेवून दाबा. काय फरक पडतो, ते वहीत लिहून ठेवा. थोड्या वेळाने आपल्याला त्याचा उपयोग आहे. (आणि हो, फडकी परत जागेवर ठेवा. नाहीतर आईची बोलणी मला खावी लागतील!)

बर्फाला विचारायचं कसं?

तर मग तिकडची माणसं चालतात ती कशाच्या भरवशावर? नजरेच्या नव्हे, मोजमापाच्या!

त्यांच्याजवळ एक मोठं गिरमिट असतं, नाहीतर टोकदार पहार. काठावरूनच बर्फावर घाव घालत, भोक पाडत, पट्टीने जाडी मोजत पुढे जायचं. एकदा मोजली की झालं असं नाही. दर दीडशे फुटांवर पुन्हा मोजायची. मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याचा सल्ला आहे की बर्फ ४ इंचांपेक्षा, म्हणजे १० सेंटिमीटरपेक्षा पातळ असेल तर त्यावर पाय ठेवू नये. कॅनडात तर पायी चालायलाही १५ सेंटिमीटर जाडी असावी, असं रेडक्रॉस सांगते.

आणि हे चार इंच कुठल्या बर्फाचे? नव्या, पारदर्शक, काळसर-निळसर दिसणाऱ्या बर्फाचे. पांढरा, दुधी बर्फ हिम वितळून पुन्हा गोठल्यामुळे बनतो. त्यात हवेचे बुडबुडे असतात. त्याची ताकद निम्मीच धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. करड्या रंगाच्या बर्फात पाणी मुरलेलं असतं, त्याच्या वाटेलाच जायचं नाही. वसंत ऋतू जवळ आला की बर्फ जाड असूनही आतून ठिसूळ होतो. फूटभर जाडीचासुद्धा दगा देतो!

बरं, एवढं सगळं माहीत असलेली माणसंही कधी फसतात. २०२३ च्या डिसेंबरच्या अखेरीस मिनेसोटातल्याच अपर रेड लेक या मोठ्या तलावावर शंभराहून जास्त लोक मासे धरायला गेले होते. बर्फाचा भलामोठा तुकडा काठापासून सुटला आणि माणसांसकट तरंगू लागला. बचाव पथकांनी सगळ्यांना सुखरूप आणलं. म्हणून तिथले जाणकार म्हणतात, शंभर टक्के सुरक्षित बर्फ असा नसतोच.

आपल्या देशातही अशी माणसं आहेत बरं का. लडाखमध्ये झंस्कार नदी हिवाळ्यात गोठते. त्या वाटेला 'चादर' म्हणतात. महाराष्ट्रातले कितीतरी गिर्यारोहक दर हिवाळ्यात तिथे जातात. पुढे चालणारा स्थानिक वाटाड्या हातातल्या काठीने बर्फ ठोकत ठोकत जातो. आवाज ऐकतो, रंग बघतो आणि मगच पाऊल टाकतो. त्याने 'थांबा' म्हटलं की मोठे मोठे पहिलवानही थांबतात! लडाखमध्येच पँगाँग सरोवर सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. पाणी खारट असूनही ते गोठतं. २० फेब्रुवारी २०२३ रोजी त्या बर्फावरून चक्क २१ किलोमीटरची शर्यत झाली. तिची गिनीज बुकात नोंदही झाली. पण शर्यत झाली म्हणून कुणीही, कधीही, फोटो काढायला बर्फावर उतरावं, असा त्याचा अर्थ नाही.

पडलोच तर?

आता जरा धीराने वाचा. घाबरायचं नाही. ज्याला माहीत असतं, त्याच्याच हातून काहीतरी होतं.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात गॉर्डन गीसब्रेख्त यांनी प्राध्यापक म्हणून काम केलं. थंड पाण्यात माणसाच्या शरीराचं काय होतं, हे शोधायला ते स्वतः कितीतरी वेळा बर्फगार पाण्यात उतरले. म्हणून लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'प्रोफेसर पॉप्सिकल', म्हणजे आपल्या भाषेत 'आइसफ्रूट सर'! त्यांनी एक सोपा हिशेब दिलाय: एक, दहा, एक.

पहिला 'एक' म्हणजे एक मिनिट. थंडीत गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतला की कसं 'हुऽऽ' होतं आणि श्वास अडकतो? बर्फाच्या पाण्यात ते दसपटीने होतं. त्या पहिल्या मिनिटात हातपाय झाडायचे नाहीत. डोकं पाण्यावर ठेवायचं आणि श्वास ताब्यात आणायचा. एवढं एकच काम.

मग 'दहा' म्हणजे दहा मिनिटं. तेवढा वेळ हातपाय आपलं ऐकतात. त्यात बाहेर यायचा प्रयत्न करायचा. तोंड ज्या बाजूने आलो त्या बाजूला वळवायचं, कारण त्या बर्फाने आपलं वजन पेललं होतं. हात बर्फावर पसरायचे, पाय पोहताना मारतो तसे मागे मारायचे आणि सील माशासारखं पोटावर सरकत वर यायचं. (सील हा मासा नव्हे हं, तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी. पण सरकायचं त्याच्यासारखंच!) वर आल्यावर उभं राहायचं नाही. लोळत लोळत लांब जायचं.

शेवटचा 'एक' म्हणजे साधारण एक तास. थंडीने शुद्ध हरपायला एवढा वेळ लागू शकतो. म्हणजे पडल्या पडल्या सगळं संपलं, असं अजिबात नाही. बाहेर येणं जमलंच नाही, तर हात बर्फावर पसरून स्थिर राहायचं आणि मदतीसाठी हाका मारायच्या.

स्वीडनमध्ये तर अनेक शाळांत मुलांना हे प्रत्यक्ष शिकवतात. कमरेला दोर बांधून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, मुलं मुद्दाम पाडलेल्या भोकात कपड्यांसकट उतरतात आणि आपापली बाहेर येतात. गळ्यात दोन लाकडी मुठी अडकवलेल्या असतात आणि मुठींना टोकदार खिळे असतात. खिळे बर्फात रोवायचे आणि स्वतःला ओढून घ्यायचं. नुसत्या ओल्या हातांनी गुळगुळीत बर्फ धरणं म्हणजे तेल लावलेला मल्लखांब धरण्यासारखंच की!

दुसरं कुणी पडलं तर?

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे मात्र माझं बोट धरून वाचा.

२०२२ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या सोलिहल इथे चार मुलगे गोठलेल्या तळ्यात पडले. वयं सहा ते अकरा. तुमच्याएवढीच. चौघांपैकी कुणीही वाचलं नाही. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात भारतातून तिथे गेलेली तीन मोठी माणसं अशीच गेली. लिहितानासुद्धा हात जड होतो. पण सांगते अशासाठी, की बर्फ लहान-मोठा बघत नाही.

मित्र पाण्यात पडलेला दिसला की पाय आपोआप धावतात. ते धावणं प्रेमाचंच असतं. पण ज्या बर्फाने त्याला पेललं नाही, तो तुम्हाला कसा पेलेल? एकाच्या जागी दोघं पाण्यात, आणि हाक मारायला काठावर कुणीच नाही!

म्हणून इथेही एक मिनिट थांबा. थांबा म्हणजे स्वस्थ बसा असं नव्हे. त्या मिनिटात चार गोष्टी करा.

ओरडा. मोठ्या माणसांना बोलवा, मदतीचा फोन लावा. आपल्याकडे तो ११२ आहे, अमेरिकेत ९११.

बोला. पडलेल्याला सांगा, "घाबरू नकोस, आम्ही आहोत. श्वास घे. पाय मार."

पुढे करा. काठी, शिडी, मफलर, हॉकीची काठी, जे असेल ते काठावरूनच पुढे करा. तेही पालथं झोपून. मघाशी डब्यात काय झालं होतं? एका बोटाखाली बर्फ मोडला, तळहाताखाली जास्त वेळ टिकला. आठवीतला 'बल व दाब' आठवा. तेच वजन जास्त जागेवर पसरलं की दाब कमी होतो.

फेका. हात पुरत नसेल तर दोर फेका, किंवा तरंगणारं काहीही.

माणूस बाहेर आला की त्याला हलकेच आडवा ठेवा, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा. अंग चोळू नका. तो नीट शुद्धीवर असेल तर गरम, गोड काहीतरी थोडं थोडं प्यायला द्या. आणि दवाखान्यात न्यायचंच, तो 'मी बरा आहे' म्हणाला तरी.

"पण मावशी, आमच्याकडे कुठे गोठतो तलाव?"

मला ठाऊक होतं, तुम्ही हे विचारणार! नाही गोठत. पण विहीर आहे, धरण आहे, खाणीत साचलेलं पाणी आहे, गणपती विसर्जनाचा घाट आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्तमानपत्रात काय वाचतो आपण? पाय घसरला एकाचा आणि त्याला वाचवायला गेलेले दोघंही बुडाले. बर्फ नाही, थंडी नाही, पण चूक तीच. ते एक मिनिट कुणी थांबलं नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे पक्कं ठाऊक होतं. पोहायला शिकवताना पाठीला सुकवलेला भोपळा बांधत, कमरेला दोर बांधत आणि दोराचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात असे. भोपळा नसेल तर आज झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन आहे, धोतर नसेल तर ओढणी आहे. पुढे करा, फेका. उडी नको.

आणि आईबाबांना दोन शब्द. मुलांना नुसतं "पाण्याजवळ जाऊ नकोस" म्हटलं की ती तुमच्या नकळत जातात. त्यापेक्षा एकदा सोबत न्या. कुठे खोल आहे, कुठे शेवाळ आहे, दोर कुठे ठेवलाय, ते दाखवा. आणि यंदा हिवाळ्यात काश्मीर-लडाखला जाणार असाल, तर गोठलेल्या पाण्यावर उभं राहून काढायचा तो एक फोटो राहू द्या. स्थानिक माणूस 'नको' म्हणाला, की नकोच.

हो, आणि हॉकीच्या चकतीचं काय झालं? ती तिथेच राहिली. पोरगा दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि चकतीच्या भोवतीचा बर्फ करडा दिसू लागला. तिथेच ओढा तळ्यात येतो, हे त्याला तेव्हा कळलं. ते मासे धरणारे काका बसले होते तिथे, पलीकडे, ओढा नव्हता. आणि त्यांनी आधी गिरमिट चालवलं होतं.

जानेवारीच्या शेवटी पुन्हा फोन आला. त्याच काकांनी यांच्या बाजूलाही, ओढ्यापासून लांब, भोकं पाडून मोजलं होतं. नऊ इंच! मायलेकरं हातात काठी, गळ्यात त्या खिळ्यांच्या मुठी आणि शिटी अडकवून पहिल्यांदा बर्फावर चालून आली.

"मावशीआजी, बर्फ मधेच 'धुम्म' असा आवाज करतो, माहितीये? थंडी कमी-जास्त झाली की तो आक्रसतो आणि फुगतो ना, म्हणून. मी जाम घाबरलो!"

"मग काय केलंस?"

"काय करणार? एक मिनिट थांबलो."

शाब्बास रे माझ्या वाघा!

डब्यांचा प्रयोग केलात की मला लिहून कळवा. टॉवेलखालचा बर्फ किती पातळ निघाला, तेही मोजून लिहा. अंदाजाने नको हं, पट्टी लावून! पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमची,
मावशी